पाणी सोडायच्या दिवसाची कोंबडी

आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला कुणी रिकाम्या हातानं येत नाही, आणि आणतात तेव्हा मोसंबीच आणतात. दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मी परळीला माझ्या घरी आणलं, त्या महिन्यात स्वयंपाकघरात मोसंब्यांचा ढीग लागला. लग्न झाल्यापासून मी या घरात मोसंबी येऊ दिली नव्हती. नवऱ्याला वाटायचं, मला ती बाधते. मी तसंच वाटू दिलं. आता भेटायला येणाऱ्यांच्या हातातून पिशवी काढून घेताना मी तोंड हसरं ठेवत होते आणि मनातल्या मनात त्यांच्या नावानं बोटं मोडत होते.

दादा मला ओळखत नव्हते. त्यांच्या लेखी मी आक्का होते, त्यांची थोरली बहीण. आक्कात्या जाऊन किती वर्षं झाली होती! सुरुवातीला मी हटकायची, "दादा, मी आक्का नाही, तुमची लेक आहे." ते माझ्याकडे बघून समजूतदारपणे मान हलवायचे आणि पुढच्याच वाक्याला आक्का म्हणायचे. पंधरा दिवसांनी मी नाद सोडला. मेलेल्या बाईच्या नावाला ओ देत घरभर फिरू लागले.

दिवसातून दहा वेळा त्यांचा एकच प्रश्न असायचा. "आक्का, पाणी सुटलं का?"

पहिल्यांदा विचारलं तेव्हा नवरा बिचारा गच्चीवर जाऊन टाकी बघून आला. आमच्या परळीत नळाला कधी पाणी येईल त्याचा नेम नाही, त्यामुळे हा प्रश्न त्याला अगदी घरातला वाटला. पण मला कळलं होतं दादा कुठलं पाणी विचारतायत ते. ऐकल्याबरोबर मी पोळपाट खाली ठेवला.

आमचं गाव आष्टी तालुक्यातलं, कड्यापासून फार लांब नाही. दिवाळी झाली की निम्मं गाव कोयता घेऊन ऊसतोडीला साखर कारखान्यांवर निघून जायचं आणि मागे म्हातारी माणसं, कुत्री आणि आम्ही राहायचो. आम्ही राहायचो, कारण आमची मोसंबीची बाग होती. बाग होती, कारण तलावाच्या काठावर गावानं मिळून पाणी उपशाची सोसायटी उभी केली होती. सगळ्यांनी खांद्यावर पाइप वाहिले होते, म्हणे. त्याआधी आमच्याकडे बाजरी आणि आभाळ एवढंच होतं. दादा सोसायटीचे संचालक होते, आणि बागेतलं दादांना जेवढं कळतं तेवढं चार गावांत कुणाला कळत नाही, असं सगळे म्हणायचे. मीही म्हणायची, शाळेत, मान वर करून.

मोसंबीला फूल आणायचं तर तिला आधी उपाशी ठेवावं लागतं. याला ताण देणं म्हणतात. महिना-दीड महिना बागेचं पाणी पूर्ण तोडायचं. पानं पिवळी पडतात, गळतात. झाडाला वाटतं आता आपलं काही खरं नाही, आणि ते फुलायची तयारी करतं. मग बेतानं पाणी सोडायचं. आठ-दहा दिवसांत सगळी बाग पांढरी होते, आणि तो वास गावात वेशीपर्यंत येतो. ताण कधी तोडायचा, म्हणजे पाणी कधी सोडायचं, हे ज्याला कळलं तो खरा बागाईतदार. दोन दिवस आधी तोडला तर फूल कमी येतं, उशीर केला तर झाड जातं. दादा रोज सकाळी एकेका झाडाखाली उभे राहून गळालेली पानं चिमटीत धरून चुरायचे. कुणाशी बोलायचे नाहीत.

आणि ताणात बागेत पाण्याचं नाव काढायचं नाही, असा आमच्याकडे नेम होता. शेजारच्या बागांत हा नेम नव्हता, तो दादांचाच. झाडं ऐकतात, म्हणायचे. मी दहा वर्षांची असताना एकदा बांधावर उड्या मारत विचारलं होतं, "दादा, पाणी कधी सोडायचं?" दादांनी मारलं नाही. गड्यांना एवढंच सांगितलं, "आजचं जेवण उद्या. पोरीनं झाडास्नी सांगून टाकलं." त्या दिवशी पाणी सुटायचं होतं, कोंबडी कापायची होती, सकाळपासून सगळे त्या आशेवर होते. ते सगळे हसले. मी बांधाआड जाऊन रडले. त्यानंतर ताणात मी बागेत गेले तर ओठ दातांखाली धरून जायची.

पाणी सोडायच्या दिवशी बागेत कोंबडी असायची. आईच्या चुलीवर मटण-मासा चढत नसे. ही कोंबडी दादा स्वतः करायचे, बागेच्या कोपऱ्यात तीन दगडांवर, लोखंडी कढईत. आणि झटपट करायचे. कारण पाणी थांबत नाही. कॉक उघडला की पाटानं पाणी येतं, दारं धरणारा एकेक आळं भरत पुढं सरकतो, आणि एक ओळ भरून होईपर्यंत कोंबडी झाली पाहिजे, असा दादांचा हिशेब. म्हणून तुकडे सुपारीएवढे. जाळ मोठा. तेल धुरावलं की लसूण, हिरवी मिरची, मग मीठ-हळद चोळलेली कोंबडी. झाकण नाही, पाणी नाही, उलथनं थांबवायचं नाही. शेवटी कढई खाली उतरवून, जाळापासून लांब नेऊन, झाडावर राहून गेलेल्या मागच्या बहाराच्या दोन-चार मोसंब्या त्यात पिळायच्या. जाळावर पिळली की मोसंबी कडू होते. "उतरल्यावर पिळ," दादा म्हणायचे, "आन लगेच खा. ठिवली की बिघडली." भाकरीवर वाढून घेऊन आम्ही ओल्या मातीच्या वासात उभ्या उभ्या खायचो. त्याची सर मला कशालाच आलेली नाही.

दुष्काळ पडला त्या साली मी बारा वर्षांची होते. पाऊस आला तसा गेला होता. तलावाचा तळ काठावरून दिसत होता. तरी दादांनी नेहमीसारखा ताण दिला. सोसायटीचं पाणी आहे, म्हणाले. आई एकदा म्हणाली, "औंदा फुलाचं राहू द्या, झाडं जगली तरी लई झालं." दादा तिच्याकडे बघून हसले.

ताणाचे आठ दिवस राहिले होते. दुपारी मी बागेच्या बांधावर बसून अभ्यास करत होते. सोसायटीचा पंप चालवणारा माणूस सायकल ढकलत आला. त्याच्या सायकलची चेन पडली होती, हात काळे झाले होते. त्याला अजून सात-आठ बागांवर निरोप द्यायचे होते. तो म्हणाला, "वडलांना सांग, आज दिवस मावळंपर्यंत पंप चालू हाय. उद्यापासून सील. राहिलेलं पाणी पिण्यासाठी राखीव ठिवलंय. आजच कॉक उघडा म्हणावं." माझ्याकडून वदवून घेतलं आणि तो गेला.

दादा बागेत होते. मला दिसत होते, पाचव्या-सहाव्या ओळीत, पाठमोरे. मी उठले. बांधावरून आत उतरले. आणि ओठ दातांखाली धरले.

खरं सांगते, मी विसरले नव्हते. पुढं पुष्कळदा मी स्वतःला समजावून बघितलं की आपण लहान होतो, विसरलो असू. नाही. मी त्या ओळीच्या तोंडाशी उभी होते, शब्द तोंडात होते, आणि मला वाटलं, आता बागेत बोललं तर झाडं ऐकतील, बहार जाईल, आणि सगळे पुन्हा माझ्यावर हसतील. घरी गेल्यावर सांगू, म्हटलं, आणि परत फिरले. दादा बागेतून घरी आले तेव्हा दिवस मावळला होता. तलावाकडून येणारा पंपाचा आवाज थांबला होता. मग सांगून काय करायचं होतं?

बांधापलीकडच्या बागेनं त्या दिवशी पाणी घेतलं. ओल टिकावी म्हणून आळ्यांत उसाचं पाचट अंथरलं. ती बाग विरळ झाली, पण जगली. आमची गेली. एका पाण्यानं जगली असती का? मी पुढं कितीतरी जाणत्या माणसांना हे आडून आडून विचारलं. कुणी म्हणालं जगली असती, कुणी म्हणालं अवघड होतं. मला हवं तसं उत्तर कुणीच दिलं नाही, कारण मला कुठलं हवंय तेच मला ठाऊक नव्हतं. मार्चपर्यंत पानं झडली. खोडांना मोरचूद-चुना लावलेला, तो तसाच. शाळेतून येताना लांबूनच दिसायचं, रांगाच्या रांगा पांढऱ्या पायांवर उभ्या, वर काही नाही.

सोसायटीची सभा आमच्या दारातल्या लिंबाखाली भरली. ज्यांच्या बागा गेल्या ते पंपवाल्यावर धावून गेले, की तू निरोपच दिला नाहीस. त्याला कामावरून काढायची भाषा सुरू झाली. तो शपथा घेत होता. आता तो माझं नाव घेणार म्हणून मी दाराच्या आत कान देऊन बसले होते. तेवढ्यात दादा उठले आणि म्हणाले, "निरोप मला मिळाला व्हता." एवढंच बोलले आणि खाली बसले. सभा गार झाली.

दादांनी माझ्यासाठी खोटं बोलून सगळं अंगावर घेतलं, हे मला त्या क्षणी समजलं. म्हणजे त्यांना माहीत होतं. माहीत असून ते मला एका शब्दानं बोलले नाहीत. त्यापेक्षा बांधावर धरून बडवलं असतं तर बरं झालं असतं. मग दोन वर्षं आमच्या घरात मोसंबीचं जळण होतं. दादांनी झाडं तोडून, फोडून परसात रचली होती. आई चूल पेटवायची आणि सालीचा आंबटसर धूर घरभर व्हायचा, भाकरीला लागायचा, माझ्या वेणीत बसायचा. शाळेत मैत्रीण म्हणाली, तुझ्या केसांना छान वास येतो. मी त्या दिवशी नदीच्या डबक्यातल्या पाण्यानं केस धुतले. तो वास अजून येतो मला, गॅसवर साधं दूध तापत असलं तरी.

तर दादा परळीच्या घरात पाणी सुटायची वाट बघत होते. आणि एक दिवस त्यांनी ताट सरकवलं. म्हणाले, "पाणी सुटल्यावर जेवू."

आधी मी हसण्यावारी नेलं. दुसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवसापर्यंत दोन घोट चहा आणि अर्धी वाटी पेज, तीही मी नरडं धरल्यासारखं करून भरवलेली. डॉक्टर म्हणाले, अंडी द्या, चिकन द्या, असं चाललं तर आठवडाभरात उचलून आणावं लागेल. मी चिडले. हो, आजारी माणसावर चिडले. "किती छळणार आहात?" असं म्हणाले त्यांना. त्यांनी समजूतदारपणे मान हलवली.

पुण्यात नोकरी करणाऱ्या माझ्या मुलीनं त्याच दुपारी फोनवर एक व्हिडिओ पाठवला. संत्र्याचं चिकन, पंधरा मिनिटांत. "आजोबांना आंबट-गोड आवडेल, करून बघ," असं खाली लिहिलेलं. त्यात एक गोरीपान बाई हसत हसत काळ्या बाटलीतलं काहीतरी ओतत होती. मी बघितलं ते तिचं उलथनं. थांबत नव्हतं ते. झाकण नाही, पाणी नाही, मोठा जाळ. मी तो व्हिडिओ तीनदा बघितला आणि कोपऱ्यातल्या ढिगाकडे बघितलं.

बिनहाडाचं चिकन आणवलं. सुपारीएवढे तुकडे केले, मीठ-हळद चोळली. व्हिडिओतल्या बाईचं ऐकून चमचाभर कॉर्नफ्लॉवरही लावलं, ते चांगलं लागलं, उगाच खोटं का बोला. एका मोसंबीची वरवरची साल किसली. सालीखालचा पांढरा भाग येऊ द्यायचा नाही, तो कडू. साल किसल्याबरोबर तो वास आला. खिडकी उघडली. परळीत खिडकी उघडली की ओट्यावर वीज केंद्राच्या राखेचा थर बसतो, पण त्या दिवशी म्हटलं बसू दे.

कढई धुरावली. लसूण, मिरची, चिकन. मी हलवत राहिले. कडा तांबूस झाल्या, पातीचा कांदा टाकला, किसलेली साल टाकली. गॅस बंद केला, कढई उचलून मोरीकडच्या कट्ट्यावर नेली, शेगडीपासून लांब, आणि दोन मोसंब्या पिळल्या. चर्र झालं नाही, नुसता एक सुस्कारा आला. सगळं मिळून बारा-तेरा मिनिटं. एक ओळ भरायला एवढाच वेळ लागतो.

मागे वळले तर दादा भिंतीला धरून स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. आपल्या पायांनी आले होते.

"सुटलं वाटतं पाणी," ते म्हणाले.

मी त्यांना खुर्चीवर बसवलं. भाकरीवर चिकन वाढून ताट हातात दिलं. त्यांनी घास घेतला, चावला, दुसरा घेतला. मी समोर खाली बसले होते. चांगलं चाललं होतं, गप्प बसायचं ना! पण ते खात होते त्या समाधानानं, की खरंच बाहेर पाटानं पाणी चाललंय, आणि ते खोटं मला सोसेना. एकदा गप्प बसून झालं होतं माझं.

"दादा," मी म्हणाले, "पंपवाला आलता त्या दिवशी. दुपारी. आजच कॉक उघडा म्हणाला व्हता. पोरीनं तुमाला निरोप सांगितलाच न्हाई."

"मी" असं म्हणायला नाही जमलं. पोरीनं, असंच तोंडातून आलं.

दादांनी घास गिळला. "मला ठाव हाय की," ते म्हणाले. "मला वेशीपशी गाठ पडली त्याची. म्हणला, पोरीपाशी निरोप दिलाय, लवकर कॉक उघडा. दिवस हातभर वर व्हता, आक्का. मी म्हणलं, आठ दिस राहिल्यात ताणाचे. आत्ता पाणी दिलं तर फूल यायचं न्हाई. सील करत्यात म्हंजे काय, मी संचालक हाय. बघू म्हणलं."

"मग बागेत कशापायी गेलता परत?"

"झाडाखाली हुबा राहिलो. पंपाचा आवाज यीत व्हता. बंद पडंस्तोर ऐकत हुबा राहिलो."

ताटातलं चिकन गार होत चाललं होतं. मी विचारलं, "आन पोरगी?"

"तिला वाटतंय तिच्यामुळं बाग गेली. जेवत न्हाई नीट. मला दिसतंय की." त्यांनी बोटांनी एक तुकडा उचलला, बघितला, परत ठेवला. "आक्का, तिला सांगू नकोस हां."

"कशापायी न्हाई सांगायचं?"

"तिला वाटतंय बापाला बागंतलं लई कळतं," दादा म्हणाले. "तेवढं राहू दे."

माझ्या मनात काय आलं ते लिहिते. ते ताट हिसकावून मोरीत फेकावं असं आलं. सभेत उठून खरं बोललेला हा माणूस घरात येऊन एका बारा वर्षांच्या पोरीला खरं सांगू शकला नाही, आणि मी त्याच्या खोट्या उपकाराखाली आयुष्य काढलं. माहेराहून येताना दर वेळी त्यांच्या पायावर डोकं ठेवून मी जी मनात माफी मागायची, ती ते उभ्या उभ्या घेत राहिले. आणि त्याच वेळी मला त्यांच्या ओठाला लागलेला रस पुसावासा वाटत होता. मी तो पदरानं पुसला. दुसरं काय करणार होते?

"न्हाई सांगत," मी म्हणाले.

ते निश्चिंत झाले आणि ताट संपवलं. त्यांचं झाल्यावर कढईत राहिलेलं मी खाल्लं. तोवर ते कडू झालं होतं.

पुढं दीड महिना दादा होते. दिवसाआड मी ती कोंबडी करायची, ते विचारायचे, पाणी सुटलं का, आणि मी सुटलं म्हणायची. ते जेवायचे. पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. त्यांच्या तेराव्यानंतर मुलगी म्हणाली, आजोबांसाठी करायचीस ते मला एकदा करून घाल. मी तिला सगळं दाखवलं, साल कशी किसायची, रस कधी घालायचा. बाकी काही सांगितलं नाही.

मला आता सगळं ठाऊक आहे. पण त्या पोरीला अजून कुणी सांगितलेलं नाही. आक्कानं शब्द दिलाय. दुपारी घर शांत झालं की मला ती दिसते, ओळीच्या तोंडाशी उभी, ओठ दातांखाली धरलेले. लांब कुठंतरी पंप चालू असतो.